दातांनी मारलेली गाठ

चंद्रामावशीला कुणी "बरं आहे ना?" असं विचारलं, की ती आधी उठून उभी राहायची आणि मगच उत्तर द्यायची. अंगात ताप असो, पाय सुजलेले असोत, बसून उत्तर नाही! लालबागच्या आमच्या चाळीत तिची खोली माझ्या खोलीला लागून होती. नवरा गेल्यावर कोकणातून एकटी आलेली बाई. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात तुटलेलं सूत गाठ मारून जोडायचं आणि रिळं भरायची, हे तिचं काम. सकाळी निघताना दोन्ही गालांना चिमटे काढायची. खात्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणीला चेहरा टवटवीत दिसला पाहिजे ना! म्हणायची, "दुखणां सांगितलां काय आपल्या जाग्यार बदलीवाली इलीच समज."

एक दिवस यंत्राच्या पट्ट्यात तिचा उजवा हात सापडला. बोटं राहिली, पण त्यातली तीन लाकडासारखी ताठ झाली. कामगार विम्याच्या डॉक्टरांपुढे ही उभी राहिली ती हसत, तुरुतुरु चालून दाखवत. त्यांनी लिहून टाकलं, कामाला योग्य. म्हणजे अपंगत्वाची पेन्शन नाही.

"अपील करायचं, मावशी," मी म्हटलं.

"कित्याक? मी काय लुळी?"

मी भडकलेच. "खोलीचं भाडं कुठून देशील? दिराच्या दारात भाकरीसाठी उभी राहणार आहेस?"

दिराचं नाव काढलं आणि ती अपिलाला तयार झाली. विधवा झाल्यावर त्या घरात तिने काय सोसलं, ते तिने मला एकदाच सांगितलं होतं.

कुणाच्या सह्या, कुणाचे दाखले, असं करता करता मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला आणि नेमका त्याच दिवशी हरताळ! ट्राम बंद, दुकानं बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. आम्ही दोघी लालबागहून फोर्टपर्यंत चालत निघालो. वाटेत "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशी आरोळी उठली, की मावशी थांबून आवाज मिसळायची आणि मी तिला पुढे ओढायची. "अगं, आधी अर्ज, मग महाराष्ट्र!" कचेरीतला कारकून कपाटाला कुलूप लावत होता. कुरकुरला, पण अर्ज घेतला आणि शिक्का मारला. माझा जीव भांड्यात पडला.

पुन्हा तपासणी ठरली. मी तिला बजावलं, "सूत जोडायला सांगितलं तर जमत नाही म्हणायचं. खरं तेच सांगायचंय, खोटं काही नाही." तिने "व्हय, व्हय" म्हणून मान डोलावली. त्या दिवसांत ती दारात दोरा तोंडात धरून बसलेली दिसायची. मला वाटायचं, गोधडी शिवतेय.

तपासणीचे डॉक्टर वयस्क होते, मायाळू होते. त्यांनी सुताचे दोन तुकडे पुढे केले. "बाई, जोडता येतं का?" मावशीने एक टोक दातांत धरलं, डाव्या हाताने दुसरं फिरवलं आणि झटक्यात गाठ मारली. "बघा, सायेब!"

"शाब्बास!" डॉक्टर मनापासून म्हणाले.

"साहेब, खात्यात असं चालत नाही हो! तिथे यंत्र थांबत नाही..." मी पुढे झाले.

"त्यांना बोलू द्या. तुम्ही बाहेर थांबा."

अपील फेटाळलं गेलं. पुढे दाद नव्हती. रस्त्यावर मी तिला वाट्टेल ते बोलले. ती खाली बघत म्हणाली, "इतकी वर्षां नायकिणीपुढे 'जमता' म्हणत इलंय गो. 'जमणा नाय' तोंडातसून इलांच नाय."

आणि गिरणीने काय केलं? मावशीने दातांनी मारलेली गाठ बघितली आणि तिला अयोग्य ठरवून घरी बसवलं. मावशी हात उलटसुलट करून माझ्यापुढे धरायची. "एकच हात गो. थंय बरो, हंय वायट. असो कसो?" युनियनच्या माणसांना विचारलं. ते भले होते, पण त्यांनीही हात वर केले.

मुंबई आपली झाली तेव्हा चाळीवर दिव्यांच्या माळा चढल्या, पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात मी तिला भाऊच्या धक्क्यावर पोचवायला गेले. दीर तिकडच्या बंदरावर घ्यायला येणार होता. बोटीचा भोंगा झाला आणि मला हुंदका आवरेना.

"मुंबय गावली मा आपल्याक?" मावशी माझे डोळे पुसत म्हणाली. "मगे रडतंस कित्याक?"

तिची खोली आदल्याच दिवशी दुसऱ्या भाडेकरूला दिली होती.