बहिणीची सही

त्या प्रकरणाची गोष्ट निघाली की या वयातही मी खुर्चीत ताठ बसतो आणि बायको म्हणते, "झालं, आता चहा थंड होणार." होऊ दे! नोकरीत मी खुनाचेही तपास केले, पण इतकी मजा दुसऱ्या कुठल्याच तपासात आली नाही.

तेव्हा मी जबलपूरला ओमतीच्या ठाण्याचा प्रमुख होतो. शनिवारी सकाळी हजेरी संपते न संपते तोच एक बाई आल्या. चाळिशीच्या, शाळेत शिक्षिका, पतीच्या निधनानंतर शहराच्या गढा भागात वडिलांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्या. आईवडील दोघेही गेलेले. वारस दोनच, या आणि यांचा धाकटा भाऊ. खरी नावे मी देणार नाही. बाईंचे माहेरचे नाव सुमन धरू.

"साहेब, सोमवारी घर खाली करा म्हणून राहिला माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हणते, तू हिस्सा सोडला, मी घर विकलं. मी तर त्या कचेरीची पायरी बी नाही चढली!"

हातात हक्कत्यागपत्राची नक्कल होती. हक्कत्यागपत्र म्हणजे वारसाने आपला वाटा आपण होऊन सोडल्याचा दस्त. एकदा त्याची नोंदणी झाली की "मला कळलं नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. खाली सही, अंगठा आणि बाईंना ओळखतो असे सांगणारे दोन साक्षीदार. त्यातला एक नोंदणी कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणारा अर्जनवीस, दुसरा नर्मदेच्या ग्वारीघाटावरचा पूजासाहित्याचा दुकानदार. त्या काळी दस्तावर फोटो लागत नसे.

माझा हवालदार कागद पाहून म्हणाला, "साहब, ये तो दीवानी मामला है। कोर्ट भेजिए।" ठाण्यात अशा कागदाला हेच उत्तर ठरलेले असे. मीही तेच म्हणणार होतो. तेवढ्यात बाईंनी तक्रारीखाली सही केली आणि मी दचकलो. तक्रारीवर वैजयंती, दस्तावर सुमन!

"दोन नावं काहून?" मी विचारले.

"सुमन माहेरचं. लग्नात बदललं ना, साहेब. शाळेत, बँकेत, सगळीकडे वैजयंतीच आहे. सुमन म्हणून सही करून वीस वर्षं होऊन गेली."

मराठी माणसाला हे समजवावे लागत नाही. हवालदाराला मात्र सांगावे लागले की आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून नवरदेव त्यात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितो. तो बघतच राहिला. "नाम भी बदल देते हैं?" मग त्याने खालच्या आवाजात खबर दिली, "साहब, ये घाटवाला भैया तो चाय-समोसे पर गवाही देता है।"

आता मामला दिवाणी राहिला नव्हता. दुसऱ्याच्या नावाने कचेरीत उभे राहणे हा सरळ फौजदारी गुन्हा.

भावाला बोलावले. कडक इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर सुरकुती नाही. "माहेरच्या घराचा कागद, तर तिनं माहेरचंच नाव लिहिलं. यात काय झालं, साहेब?" उत्तर बिनतोड होते. मला रागही आला आणि मनातल्या मनात दादही द्यावीशी वाटली. अंगठ्याचा ठसा तपासायला पाठवता आला असता, पण अहवाल येईपर्यंत बाईंचे सामान रस्त्यावर आले असते.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. बाईंना म्हटले, "ताई, व्हरांड्यातल्या बाकावर बसा. कोणी काही विचारलं तर हूं करा, बाकी बोलू नका." आणि घाटावरून त्या साक्षीदाराला आणवले. त्याला मुद्दाम त्याच बाकावर ताटकळत ठेवले.

मी खिडकीच्या फटीतून पाहत होतो. "दीदी, ज़रा सरकिए," म्हणत तो बाईंशेजारी टेकला. उकाड्याची तक्रार केली. साहेब तापट आहेत का, असेही विचारून घेतले. बाई हूं म्हणाल्या. हवालदाराने तोंडात रुमाल कोंबला होता.

मग त्याला आत घेतले. "दस्तावरच्या बाईंना ओळखता?"

"बचपन से, साहब! सगी बहन जैसी है।"

"समोर आल्या तर ओळखाल?"

"लाखों में!"

"ताई, आत या!" मी जवळजवळ ओरडलोच. बाई दारात उभ्या राहिल्या. "या कोण?"

तो म्हणाला, "ये दीदी? बाहर बैठी थीं। शायद इनका पर्स चोरी हुआ है।"

"अरे भल्या माणसा," मी म्हणालो, "हीच तुझी सख्खी बहीण!"

मला उड्या माराव्याशा वाटत होत्या, पण अंगावर वर्दी होती. मी टेबलावर जोरात हात आपटला तेवढाच. त्याने पाणी मागितले आणि एका दमात सगळे सांगितले. कचेरीत उभी राहिली होती ती भावाची बायको.

तिला आणि भावाला समोर बोलावताच ती रडू लागली. "मी नाही म्हणत होती, साहेब. हे म्हणाले, घरचाच कागद आहे, कोणी बी सही केली तर काय होते? ताईंचं नाव मला सुमनच माहीत."

बाई भावाकडे वळल्या. "अन् तुला? वीस वर्षांत मी सही काय करते, ते बी तुला माहीत नाही?"

खरेदीदाराला सगळे कळले आणि तो स्वतःच मागे हटला. पुढे ठसाही भावजयीचाच निघाला, न्यायालयाने दस्त रद्द केला आणि बाई गढ्यातल्या घरातच राहिल्या.

पुष्कळ लोक कागद म्हटला की शिक्का पाहतात. मी तेव्हापासून आधी सही आणि साक्षीदार पाहतो. साक्षीदार म्हणजे रिकामी जागा भरणारा माणूस नव्हे, आणि घरचाच कागद म्हणून कोणाच्याही वतीने सही ठोकता येत नाही. मृत्युपत्र असो की मुखत्यारपत्र, लग्न झालेल्या बाईची दोन्ही नावे मध्ये "उर्फ" घालून लिहा, असे मी भेटेल त्याला सांगतो.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नाला त्या बाई आल्या होत्या. तांदळाचे ताट आले, जावयाने अंगठी हातात घेतली आणि नवे नाव काय ठेवायचे यावर विहीणबाईंची चर्चा रंगली. मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून शाळामास्तरिणीचा खणखणीत आवाज आला, "काहून बदलता? आहे तेच लिहा. पोरीचं नाव भावाला बी पाठ राहते!"

मांडव हसला. जावयाने तांदळात माझ्या मुलीचे तेच नाव लिहिले आणि मी वळून पाहिले तर बाई पदराने डोळे पुसत होत्या.