पवनानगरच्या आबांनी पाहिलेली पोर्तुगीज पेटी

पुण्याहून लोणावळ्याच्या गाडीत बसले, तेव्हा पिशवीत माझ्या साताऱ्याचे कंदी पेढे होते. ज्या बाईला ते द्यायचे होते तिला मी कधीच पाहिलं नव्हतं.

मला परदेशी टीव्हीवरच्या बक्षिसांच्या खेळांचं वेड आहे. एकच खेळ तुर्कस्तानात कसा रंगतो आणि व्हिएतनाममध्ये कसा, हे मी मोबाईलवर तासन्‌तास बघते. भाषा कळत नाही. पण जिंकलेलं माणूस कुठलंही असो, आधी तोंडावर हात ठेवतं आणि मग प्रेक्षकांत आपलं माणूस शोधतं. अशाच शौकिनांच्या गटात पवनानगरची सुनंदा भेटली. माझी केमो चालू होती तेव्हा ती रोज एक भाग पाठवायची आणि नियम स्वतःच्या आवाजात समजावायची. अलीकडे तिचे निरोप थांबले. फोन केला तर म्हणाली, "सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय, ताई. बघायला मनच होत नाही." म्हटलं, आता मीच येते.

मोबाईलच्या नादात मी बेगडेवाडी स्टेशनलाच उतरले. बाकावरच्या पेरूवालीनं विचारलं, "कुटं जायचंय?"

"कामशेत."

"लय लवकर उतरला, मावशी. बसा हितं, येईल दुसरी." तिनं अर्धा पेरू मीठ लावून हातावर ठेवला.

कामशेतच्या बाजारात नव्या तांदळाचा वास होता. तिथून वडापच्या (माणसं भरून जाणाऱ्या) जीपनं निघाले. कापणी झालेली खाचरं (भाताची बांधबंदिस्त शेतं) मागे पडली आणि पवनेचं पाणी दिसलं, पलीकडे तिकोना किल्ला. थांब्यावर सुनंदा उभी होती. "तू होतीस म्हणून तगले गं," मी म्हटलं. तिनं पिशवी काढून घेतली. "चला ताई, भात निवतोय."

इंद्रायणी तांदळाचा भात आणि धरणातल्या माशाचं कालवण पोटभर जेवले. तिचे सासरे, आबा, मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेले. "दवाखान्यातून आल्यापासून एक शब्द नाही," सुनंदा हळूच म्हणाली.

दुपारी मी त्यांच्या खाटेशी बसले आणि पोर्तुगालचा पेट्यांचा खेळ लावला. "आबा, ह्या बाईच्या पेटीत काय आहे, तिलाच ठाऊक नाही. निवेदक म्हणतोय, पेटी मला दे, त्याबदली थोडे पैसे घे आणि घरी जा. काय करावं तिनं?"

त्यांची मान हळूहळू वळली. बाकीची एकेक पेटी उघडत गेली तशी आबांची नजर पडद्यावरून हलेना. शेवटी बाई डगमगली. पेटी पुढे सरकवू लागली.

"न्हाई..." जड, वाकडा आवाज आला. "दिऊ नगं!"

सुनंदा ओल्या हातांनीच धावत आली. "आबा, काय म्हणालात?"

आबांनी तिला हातानंच बाजूला सारलं. पडदा दिसत नव्हता. बाईनं पेटी देऊन टाकली. उघडली तर मोठं बक्षीस त्यातच! आबांनी चांगल्या हातानं कपाळ बडवलं. "येडी!"

सुनंदा हसता हसता रडायला लागली. मीही.

संध्याकाळच्या गाडीनं परतताना ती पोर्तुगीज बाई डोळ्यांसमोरून हलेना. स्टुडिओतून हिरमुसून घरी गेली असेल. घरचे अजूनही टोमणे मारत असतील. तिच्या चुकण्यानं मावळातल्या एका घरात बोलणं परत आलं, हे तिला कोण सांगणार? मनातल्या मनात, साताऱ्याच्या मराठीत, मी तिला हात जोडले.