पट्टा ढिला नव्हता

माझ्या मोठ्या भावाचा हात थरथरतो, हे सगळ्यांत आधी मला कळलं होतं. डॉक्टरच्या आधी, वहिनीच्या आधी, त्याच्याही आधी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

हथखोजच्या कारखान्यांच्या वस्तीत एका शेडमध्ये आमचं छोटंसं काम चालतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की क्रेन, तिला लटकलेला भार, सगळं समोर उभं राहतं, आणि नवीन माणसं खऱ्या भाराजवळ न जाता काम शिकतात. अडचण हातांची होती. हेडसेटचे कॅमेरे हात बघतात, पण एक हात दुसऱ्याआड गेला किंवा खाली मांडीवर आला की त्यांना दिसत नाही. मग चित्रातला हात हवेतच गोठतो. म्हणून आम्ही मनगटावर हालचाल टिपणाऱ्या सेन्सरचे पट्टे बांधू लागलो. कॅमेऱ्याला हात दिसला नाही तरी पट्ट्याला तो कळतो.

इशारे रेकॉर्ड करायला मी दादाला बोलावलं. तो इथल्या स्टील प्लांटमध्ये सिग्नलमन होता. नोकरीभर क्रेनवाल्याला खालून हातानं सांगत आला, कारण तिथल्या आवाजात तोंडाचा उपयोग नसतो. घरीही तेच. वहिनी भात वाढताना तो तळहात आडवा धरून थांबवायचा. ती म्हणायची, "मी काय क्रेन हाव का तुमची?"

रिटायर झाल्यापासून त्याला करमत नव्हतं. शेडमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून आला. "बोल बाबू, काय उचलाचं हाय?"

इशारे त्याने स्वच्छ दिले. दोन इशाऱ्यांच्या मध्ये तो हात मांडीवर ठेवायचा. तिथे कॅमेरा आंधळा. पण स्क्रीनवर उजव्या पट्ट्याची रेघ बारीक, एकसारखी थरथरायची. इशारा सुरू झाला की थरथर गायब, हात टेकला की पुन्हा हजर. पट्टा बिघडला असेल म्हणून मी दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल केली. थरथर पट्ट्याबरोबर गेली नाही. उजव्या हातातच राहिली.

"का झालं?" दादाने विचारलं.

"काही नाही. पट्टा ढिला हाय."

"मंग आवळ ना. मले दुखत नाही."

मी आवळला.

काम विकत घेणारी माणसं ते बघायला येणार होती आणि असा दुसरा हात माझ्याकडे नव्हता. सांगितलं असतं तर दादा शेड सोडून दवाखान्यात गेला असता. मी टेकलेल्या हाताचे तुकडे रेकॉर्डिंगमधून कापून टाकले. एकदा काम पसंत पडू दे, मग सांगू, असं ठरवलं. पसंत पडलं. तोवर "तुले कवापासून माहीत होतं?" या प्रश्नाची भीती वाटायला लागली होती.

पुढे त्याचा चहा बशीत सांडू लागला. पावर हाउस भागातल्या बाजारात पानवाला हसून म्हणाला, "क्या भैया, सुबह से चालू?" ते फिरत फिरत वहिनीच्या कानावर आलं. एका सकाळी मी पोहे खात बसलो असताना तिनं माझ्यासमोरच विचारलं, "नाही पेत, तर हात कावून थरथरून राहिला?"

दादा आपल्या हाताकडे बघत राहिला. "तू सांग ना बाबू इले."

मी म्हणालो, "वहिनी, जाऊ द्या."

म्हणजे पितो, पण जाऊ द्या, असंच तिनं धरलं. तिनं तसं धरलंय हे मला दिसत होतं. मी पोहे संपवले.

त्यानंतर दादा बाजारात जाईनासा झाला. घरात हात खिशात घालून बसायचा. वहिनी ताट समोर ठेवून उठून जायची. पाय ओढायला लागला तेव्हा कुठे आम्ही त्याला रायपूरला नेलं. डॉक्टरने त्याला दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसतं बसायला सांगितलं. मी जे कापून टाकलं होतं, डॉक्टर नेमकं तेच बघत होता.

पार्किन्सन. आजार टळला नसता, डॉक्टर म्हणाला, पण औषध आधी सुरू झालं असतं तर मधले दिवस सोपे गेले असते. वहिनी तिथेच रडली. "मी याइले दारुड्या म्हटलं."

आता स्मृति नगरच्या घरात ती रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून देते, आणि लावता लावता पुटपुटते, "माहीच जीभ वाईट." दादा म्हणतो, "जोरानं बोल, क्रेनवाल्याले ऐकू नाही येत." मी समोर चहा पीत असतो. शेडमध्ये त्याचा हात अजून नव्या माणसांना इशारे शिकवतो. तो थरथरत नाही.

त्या दोघांना मी एवढं सांगायचं देणं लागतो: थरथर मी पाहिली होती, आणि पट्टा ढिला नव्हता.