भाषेनं घेतलेला शब्द

कापसाच्या पडत्या वर्षांत मी दिग्रसच्या एका खरेदी केंद्रावर कारकून होतो. नवा कॉम्प्युटर आला आणि त्यावर कोबोल या संगणकाच्या भाषेत लिहिलेला आमचा जुना प्रोग्राम चालेना. गाड्यांच्या नंबरांची यादी निघेना, बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या. साहेब म्हणाले, "फेका तो प्रोग्राम."

तरी दुपारी यवतमाळच्या एसटीनं तो प्रोग्राम बघायला पन्नाशीच्या एक प्रोग्रामर बाई आल्या. पडद्यावर बोट ठेवून त्या एकेक ओळ पुटपुटत वाचू लागल्या. एका ओळीवर बोट थांबलं.

"रकान्याचं हे नाव प्रोग्राम लिहिणाऱ्या आपल्या माणसानं ठेवलं होतं. आता भाषेनं तोच शब्द स्वतःसाठी राखून ठेवला. म्हणून प्रोग्राम मशीनले समजावणारा नवा कंपायलर अडून राह्यला."

"पण मॅडम, कोबोल तर संपली म्हणतात," मी म्हणालो.

त्या हसल्या. "संपलेल्या भाषेले नवे शब्द कायले लागते, भाऊ?"

त्या नावाच्या जागी त्यांनी सगळीकडे रोमन अक्षरांत 'कापूस' लिहिलं. "हा कोणी नेत नाही," म्हणाल्या.

यादी छापून निघाली. मी बाहेर जाऊन पहिला नंबर पुकारला आणि रांग हलली. परत आलो तर काम संपूनही बाई वाचतच होत्या, जुनी मैत्रीण बोलत असावी तशा मान डोलावत.