दोरीचं दुसरं टोक

एप्रिलचा पहिला रविवार. ठरलेली रक्कम सहाशे रुपये. हजर मी, माझी बायको आणि आमचा एसी दुरुस्त करणारा. एसीचं बाहेरचं यंत्र तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवर आहे आणि खालचा छज्जा जेमतेम वीतभर. दरवर्षी तो कमरेला दोरी बांधतो, दुसरं टोक माझ्या हातात देतो आणि "साहबजी, आप वजनदार आदमी हो," असं हसत म्हणून खिडकीबाहेर उतरतो. काम करताना तो अखंड बोलतो. तो गप्प झाला की मी दोरीचा आणखी एक वेढा हाताला घेतो.

एसी कंपनीच्या माणसांना सुरक्षापट्टा असतो, विमा असतो. तिकडे नोकरीला का जात नाही, असं मी त्याला एकदा विचारलं होतं.

"दसवीं का कागज़ माँगते हैं जी. मैं तो नौवीं में भाग आया."

म्हणून यंदा मी पट्टा आणून ठेवला. त्याने तो लावून काम केलं आणि काढून मलाच परत दिला.

"ले जाओ," मी म्हटलं.

"ना जी. बेल्ट देखकर ग्राहक डरता है. कहेगा, खतरे का काम है, कंपनी को ही बुला लो."

बायको मला म्हणाली, "अहो, मग बाकीच्या घरी याची दोरी कोण धरतं?"

मी त्याला तेच विचारलं.

"जो घर में हो. किसी को फुर्सत ना हो, तो पलंग का पाया."

संध्याकाळपर्यंत त्याची अजून चार घरं होती. पट्टा आमच्या कपाटात राहिला. शेवटी हिशेब असा: सहाशे त्याला, आणि पट्ट्याचे चौदाशे मनीमाजऱ्याच्या बाजारातल्या दुकानदाराला.