टोपी-टॉवेलाचं फ्रेंच

हिंगोली जिल्ह्यात फ्रेंच येणारा माणूस एकच होता, आणि त्यालाही ती अर्धीच येत होती. अर्धी म्हणजे सुरुवातीची नव्हे, शेवटची. बाकी सगळं जग 'नमस्कार, तुमचं नाव काय' असं म्हणत पुढच्या दाराने भाषेत शिरतं. आमचे मामा परसदाराने शिरले आणि ज्या खोलीत भलेभले जपून पाय ठेवतात, तिथेच मांडी घालून बसले. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान; आमच्याकडे त्यांनाही मामाच म्हणतात. कुरुंद्याला त्यांची हळदीची शेती होती, हळद शिजवायची मोठी कढई होती, पॉलिशचा ड्रम होता आणि घरातल्या कोनाड्यात, देवाच्या शेजारी, लाल फडक्यात बांधलेलं एक बिनकव्हरचं पुस्तक होतं.

हे पुस्तक त्यांना जिऱ्यामुळे मिळालं. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती, मी अगदी लहान होते. चाचांच्या किराणा दुकानातून आलेली जिऱ्याची पुडी आत्याने उलगडली, आणि मामांची नजर कागदावर गेली. अक्षरं इंग्रजीचीच, पण काही अक्षरांच्या डोक्यावर चक्क टोपी. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि इंग्रजीवर जीव असलेले मामा अनवाणी दुकानात धावले. हैदराबादेकडून आलेल्या रद्दीतलं ते इंग्रजीतून फ्रेंच शिकवणारं व्याकरण होतं. चाचा शिस्तीचे. पहिल्या पानापासून एकेक पान फाडत ते बरोबर मध्यावर पोचले होते. "आधी किताब तो गाँव खा गया, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "पहले आना था ना." मामांनी उरलेलं पुस्तक घेतलं आणि घरोघरी जाऊन पुड्यांचे कागद मागितले. बायांना वाटलं, ह्यांना ऊन लागलं. बहुतेक पानं चुलीत गेली होती. एक मिळालं, पण तिखटाने इतकं लाल झालेलं, की वाचण्याऐवजी भाकरीबरोबर खावं.

अशा रीतीने मामांचं फ्रेंच सुरू झालं ते थेट एका दुर्मीळ क्रियारूपापासून. मनात इच्छा, शंका, भीती किंवा गरज असेल आणि गोष्ट भूतकाळातली असेल, तर क्रियापदाने जे रूप घ्यायचं, ते हे. पोरांना शेवटच्या वर्षी शिकवतात, तेही शिकवणारा उत्साही असला तर. मामांना मात्र हे रूप पाहताक्षणी आपलं वाटलं. "अगं माय, आपण दुसरं काय बोलतो?" ते मला म्हणायचे. "पाऊस यायला पाहिजे होता. पोरानं कळवायला पाहिजे होतं. पाहुण्यानं जेवून जायला पाहिजे होतं. ही तर बराबर आपली भाषा हाय. त्या लोकांना कशी सापडली कोण जाणे."

मी नांदेडला इंग्रजी शाळेत शिकत होते, त्यामुळे मला फ्रेंच वाचता येणारच, अशी त्यांची खात्री होती. "अक्षरं तीच हायेत की. वाच बरं मोठ्यानं." मी नकारार्थी मान हलवायचे. खरं तर मी चारचौघांत कुठल्याच भाषेत मोठ्याने वाचत नसे. मामा त्यावर कधी रागावले नाहीत. 'हिला येतंय, पण लाजून राहिली' असं आत्याला सांगून ते मलाच शिकवायला बसायचे.

त्यांची शिकवण्याची पद्धत हळदीची होती. "ओली हळद कुणी पॉलिशला घालतंय का? आधी शिजवायची, वाळवायची, मग ड्रममधी." कोशातलं मूळ क्रियापद म्हणजे ओली हळद. पुस्तकाच्या शेवटी तक्ते होते. त्यात साध्या भूतकाळातल्या 'तू'च्या ओळीत जे रूप सापडेल, ती शिजवून वाळवलेली हळद. 'बोलणे'साठी ते 'परलास'. मग पॉलिश, म्हणजे शेवटी 'से' जोडायचा. झालं 'परलास्से'. ड्रम फिरायला लागला की त्यातून खरंच 'स्स स्स' असा आवाज यायचा, आणि मामा माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. फक्त तृतीय पुरुषी एकवचन ह्या नियमात बसत नसे. तिथे ते 'स्स' गळून स्वरावर टोपी चढते आणि शेवटी 'टी' हे अक्षर येतं. मामांनी त्याचाही निकाल लावला होता. "तो समोर हाय का? न्हाई. म्हणजे पाहुणा झाला. पाहुण्याला कुणी पॉलिश करतंय का? त्याला टोपी-टॉवेल द्यायचा. ही टोपी, अन् हा टॉवेलाचा टी." पुढे मी पुण्यात रीतसर फ्रेंच शिकले, चांगले शिक्षक मिळाले, पण परीक्षेत हे रूप आलं की माझ्या डोळ्यांसमोर लग्नातला आहेरच यायचा, आणि उत्तर चुकायचं नाही.

उच्चारांचं मात्र अवघड होतं. मामा छापलेलं प्रत्येक अक्षर उच्चारत. फ्रेंचमध्ये काही अक्षरं बोलत नाहीत, असं मी कुठे तरी वाचून त्यांना सांगितलं, तर त्यांना ते पटलं नाही. "छापायला शाई लागली असंल की. वाया काहून घालवायची?" पण शंका मनात राहिली. रोज संध्याकाळी ते रेडिओची खुंटी फिरवत बसायचे. खरखर, कुठली तरी अगम्य बातमी, पुन्हा खरखर. "झोपा आता," आत्या म्हणायची, "का तुमच्या त्या पुस्तकाला बी चहा ठेवू?" एकदा ते मला हळूच म्हणाले, "मला दुसरं काही नको. एकदा कानानं ऐकायचंय, ते वाजतंय कसं."

आणि मी दहावीची परीक्षा देऊन कुरुंद्याला गेले होते, तेव्हा निरोप आला. औंढ्याचं देऊळ बघायला निघालेलं एक वयस्क फ्रेंच जोडपं वाटेत हळद शिजताना बघायला थांबणार होतं. मामांचं जेवण सुटलं. "लेकीच्या लग्नात एवढे घाबरले न्हवते," आत्या म्हणाली आणि धपाट्यांचं पीठ मळायला बसली. मामांनी स्वागतासाठी एक वाक्य तयार केलं: 'तुम्ही याआधीच यायला हवं होतं.' आमच्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला की आधी हाच राग ऐकतो. तो ऐकवला नाही तर पाहुण्याला परकं वाटतं. शिवाय मामांना दुसरं काही म्हणता येत नव्हतं, तो भाग वेगळा.

जीप आली. नांदेडचा गाइड उतरतानाच घड्याळ दाखवून म्हणाला, "फक्त पाच मिनिटं." पाहुण्यांनी कढईचे फोटो काढले, वाफेत हात धरले. मामा धुतलेलं धोतर आणि कडक टोपी घालून पुढे झाले आणि एकही अक्षर वाया न घालवता म्हणाले, "इल एऊत फाल्लु क्वे वोउस विन्स्सिएझ प्लुस तोत."

बाईंनी हसून हात जोडले आणि गाइडला इंग्रजीत विचारलं, ही कोणती भाषा?

"मराठी," गाइड म्हणाला. "इकडची गावठी."

एवढं इंग्रजी मामांना कळत होतं. वीज गेल्यावर पॉलिशचा ड्रम जसा दोन गिरक्या घेऊन थांबतो, तसा त्यांचा चेहरा थांबला. पाहुणे जीपकडे वळले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं कळत होतं, इंग्रजी वाक्यही जिभेवर होतं, आणि ते तिथून हलत नव्हतं. मग मला भिंतीशी ठेवलेला, काळा रंग भरलेला डबा दिसला. हळदीच्या पोत्यांवर नाव टाकायचा कुंचला त्यातच होता. मी तो उचलून मामांच्या हातात दिला.

मामांनी रिकामं पोतं जमिनीवर पसरलं आणि ते वाक्य लिहिलं, टोप्यांसकट. बाईंचा एक पाय जीपमध्ये होता. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, आणि तो पाय खाली आला. त्यांनी नवऱ्याला हाक मारली, वाकल्या आणि मोठ्याने वाचलं, "इल यू फाल्यू क वू व्हँस्ये प्ल्यू तो."

"परत," मामा मराठीत म्हणाले. बाईंना ते कळलं. त्यांनी परत वाचलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. "एवढी अक्षरं गिळतेत व्हय," ते म्हणाले, आणि मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

पाहुणे बसले. नुसते बसले नाहीत, धपाटे खाल्ले, ताक प्यायले, आणि मामा पोत्याच्या दुसऱ्या बाजूला लिहीत गेले: 'तुम्ही अजून खावं, अशी माझी इच्छा आहे.' त्यांच्या व्याकरणात ते खाणंही त्याच टोलेजंग रूपात होतं. साहेबांनी ते वाचलं आणि हसताना त्यांना ठसका लागला. आत्याने त्यांच्या पाठीवर थापटलं आणि आणखी एक धपाटं वाढलं. शेवटी गाइडही घड्याळ खिशात घालून पंक्तीला बसला. निघताना बाई मला इंग्रजीत म्हणाल्या, की आमच्या देशात हे रूप आता फक्त पुस्तकांत भेटतं, आम्हाला कुणी ह्यातून जेवायला वाढलं नव्हतं. मी मामांना ते सांगितलं. "मग बराबर हाय," मामा म्हणाले. "मी बी पुस्तकातूनच शिकलो."

जीप दिसेनाशी झाली, तेव्हा ते एकदम खाली बसले. "नाव विचारायचं राहिलं की गं त्यांचं."

"मग विचारायचं न्हाई का?" आत्या म्हणाली.

"कसं विचारणार? ते पहिल्या अर्ध्यात असंल. जिऱ्यासंगं गेलं."

ते पोतं मामांनी ओसरीवर टांगलं. "सगळी पोती बाजारात गेली, हे एक घरजावई झालं," असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

काही वर्षांनी पुण्यात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, मला तेच व्याकरण अख्खं मिळालं. ते घेऊन मी कुरुंद्याला गेले. आत्या आता नव्हती. मामांना दिसेनासं झालं होतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि पहिला अर्धा भाग मोठ्याने वाचायला लागले. घरात शेजारची दोन माणसं होती, तरी वाचला. नमस्कार. हे टेबल आहे. ही खिडकी आहे. मामा ऐकत राहिले. "एवढंच होतं व्हय त्यात?" ते म्हणाले. मग पुढचा धडा आला, आणि त्यांनी मला थांबवलं. "नाव विचारायचं, ते परत वाच." मी वाचलं. त्यांनी ते पाठोपाठ म्हटलं, पोत्याच्या दिशेने तोंड करून, नीट, अक्षरं गिळून.

शेवटच्या गाडीची वेळ झाली. मी पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवलं, बॅग उचलली, उंबऱ्यापाशी चपला घातल्या. मागून मामांचा आवाज आला, पाहुण्यावरचा तोच राग, अगदी त्या बाईंच्या सुरात.

"इल यू फाल्यू क वू व्हँस्ये प्ल्यू तो."

मी चपला काढल्या आणि आत जाऊन पुन्हा बसले.