टेकडीचा भोंगा

संघमित्रा कॉलेजात गेली नाही. फुटक्या स्क्रीनच्या मोबाइलवर ती कोडिंग शिकली, आणि मला कोणी शिकवलं नाही हे ती समोरच्याला ऐकवल्याशिवाय राहत नसे.

घाटकोपरच्या टेकडीवर दरड कोसळण्याआधी इशारा मिळावा म्हणून तिने वस्तीतल्या पोरांना धरून भोंगा बसवला. मातीत ओल मोजणारी यंत्रं पुरली. ओल मर्यादेपलीकडे गेली की भोंगा वाजणार, लोकांनी खाली बुद्धविहारात यायचं. प्रोग्राम सगळ्यांचा सामाईक. बदल कोणीही करावा, पण मंजुरी तिची, आणि बदलासोबतची नोंद, म्हणजे कमिट मेसेज, तिच्याच साच्यात हवी: काय बदललं, का, कोणाच्या सांगण्यावरून.

त्या पोरांतल्या चैतन्यने एकदा नुसतं 'फिक्स' लिहिलं. तिने ग्रूपवर सगळ्यांसमोर त्याची सालटी काढली.

"फिक्स म्हणजे काय रे? पंक्चर काढलंस? उद्या माणूस मेला तर कोणाला विचारायचं?"

"सॉरी ताई."

त्यानंतर त्याचे मेसेज इतके साच्यात यायचे, की तिने ते वाचणंच सोडलं. साचा दिसला की मंजूर.

आज दुपारी द्रौपदीमावशीचा फोन आला. मावशीचं घर टेकडीवर सगळ्यात वर, संरक्षक भिंतीला टेकून.

"मित्रा, भिंतीतून गढूळ पाणी येतंय गं. मघाशी दगडपण घरंगळला."

"भोंगा?"

"गप्प आहे."

पाऊस तर थांबायचं नाव घेत नव्हता. फोन कानालाच ठेवून तिने लॅपटॉप उघडला. चैतन्यचा शेवटचा मेसेज होता, अगदी तिच्या साच्यात: 'ओलीची मर्यादा दुप्पट केली. भोंगा उगाच वाजतो म्हणून. संघमित्राताईंच्या सांगण्यावरून.' खाली मंजुरी तिचीच. रिक्षात बसल्या बसल्या दिलेली.

तिला आठवलं. मागच्या आठवड्यात वस्तीतल्या एका हळदीच्या वेळी भोंगा विनाकारण बोंबलला, लोक तिच्यावर हसले, आणि ती चैतन्यवर खेकसली होती, "गप्प कर रे त्याला, कसंही कर!"

पोराने केलं. कारणासकट लिहिलंही.

"मावशी, ऊठ! पोरांना घे, शेजारच्यांना हाक मार, खाली ये!"

"अगं, वरण उतू जातंय. आणि घाबरतेस काय एवढी? तूच घरोघर सांगत फिरलीस ना, भोंगा वाजेपर्यंत कोणी हलायचं नाही म्हणून?"

संघमित्रा एका हाताने मर्यादा खाली आणत होती. मेसेजच्या चौकटीत तिने काहीतरी बडवलं, 'फिक्स'च असावं, आणि बदल पाठवला.

फोनमधून भोंगा ऐकू आला. त्याच्यामागून दुसराच आवाज, जड, दगडमाती घसरत आल्यासारखा.

"बघ," मावशी म्हणाली, "आता वाजला. निघते."